आकाशाच्या कडेला वेळ लिहिणारा चित्रकार : यूजेन बूदँ



आजचा पाठ सुरू करण्याआधी माझी एक चूक सांगते. तिसरीच्या वर्गात चित्रकलेच्या तासाला मी 'पावसाळा' हा विषय दिला होता. बहुतेकांनी आपलं नेहमीचं चित्र काढलं. दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध अर्धा सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, कडेला नारळाचं झाड. विषय पावसाळा आणि डोंगरामागे हसरा सूर्य! एका मुलाने मात्र अख्खं आकाश राखाडी आणि मळकट पिवळं रंगवलं होतं. मी घाईघाईत त्याच्या वहीवर लाल पेनाने लिहिलं की आकाश निळे असते.

तो काही बोलला नाही. त्याने फक्त खिडकीतून बाहेर बघितलं. मग मीही बघितलं. बाहेरचं आकाश राखाडी होतं आणि क्षितिजाजवळ मळकट पिवळं होतं, अगदी त्याच्या वहीतल्यासारखं.

त्या लाल शेऱ्याने मला बरेच दिवस त्रास दिला. त्याच सुमारास मी एका फ्रेंच चित्रकाराबद्दल वाचत होते, ज्याने आयुष्यभर आकाशाकडे बघण्याचंच काम केलं. त्याचं नाव यूजेन बूदँ. आपल्याकडे हे नाव फारसं कुणी घेत नाही, पण त्याच्या विद्यार्थ्याचं नाव मात्र चित्रकलेची थोडी आवड असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तो विद्यार्थी म्हणजे क्लोद मोने. म्हणून ही गोष्ट जितकी एका चित्रकाराची आहे, तितकीच एका शिक्षकाचीही आहे.

बंदरावरचं बालपण

यूजेनचा जन्म 12 जुलै 1824 रोजी फ्रान्सच्या नॉर्मंडी भागात, ऑनफ्लर नावाच्या लहानशा बंदरात झाला. सीन नदी पॅरिसमधून वाहत येऊन जिथे समुद्राला मिळते, तिथे मुखाच्या एका बाजूला ऑनफ्लर आणि समोरच्या बाजूला ल हाव्र हे मोठं बंदर. वडील दर्यावर्दी होते. आईही या दोन गावांमधल्या बोटीवर काम करायची. म्हणजे घरात सगळा विषय समुद्राचा, वाऱ्याचा आणि भरती-ओहोटीचा.

दहा वर्षांचा असतानाच यूजेन बोटीवर पोऱ्या म्हणून काम करू लागला. आपल्याकडच्या कोळ्यांच्या मुलांना विचारून बघा. पाण्यावर जाणारा माणूस आधी आकाश वाचायला शिकतो. ढग कुठून येतायत, वारा फिरला का, उजेड कसा पडलाय, हे त्याला बघावंच लागतं. यूजेनचा पहिला फळा हाच असणार असं मला वाटतं.

1835 मध्ये हे कुटुंब ल हाव्रला राहायला गेलं. शाळा जेमतेमच झाली. बारा-तेरा वर्षांचा असताना तो आधी छापखान्यात आणि मग कागद-पेन-शाई विकणाऱ्या दुकानात कामाला लागला. पुढे विशीत असताना भागीदारीत त्याने स्वतःचंच दुकान काढलं. तिथे लेखनसाहित्य मिळायचं आणि चित्रांना चौकटीही करून मिळायच्या.

दुकान सोडलं

आता हे दुकान साधं असलं तरी गिऱ्हाईकं साधी नव्हती. समुद्रकिनारी चित्रं काढायला पॅरिसहून चित्रकार यायचे. कॉन्स्तां त्रॉयाँ, यूजेन इझाबे, झाँ-फ्रान्स्वा मिले अशी मंडळी आपली चित्रं चौकटीसाठी आणायची. काहींची चित्रं दुकानात मांडलेलीही असायची. कष्टकरी शेतकऱ्यांची चित्रं काढणारे मिले तेव्हा स्वतःच ओढगस्तीत होते. हा दुकानदार पोरगा फावल्या वेळात स्वतःही चित्रं काढतोय हे त्या मंडळींना कळलं. त्यांनी त्याच्या चुका दाखवल्या, काही गोष्टी समजावल्या आणि पुढचा रस्ता किती कठीण आहे हेही बघायला मिळालं.

तरीही 22 व्या वर्षी बूदँने दुकानातून अंग काढून घेतलं आणि पूर्णवेळ चित्रकार व्हायचं ठरवलं. पालकांनो, जरा विचार करा. चालू दुकान आहे, घरची परिस्थिती बेताची आहे, आणि पोरगा म्हणतो की मी चित्रं काढणार. आपण काय म्हटलं असतं? मी तर घरी बसवून समजावलं असतं.

1851 मध्ये ल हाव्रच्या नगरपालिकेने त्यांना तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली आणि ते पॅरिसला गेले. तिथल्या लूव्र संग्रहालयात जुन्या मोठ्या चित्रकारांच्या चित्रांच्या नकला करायच्या, अशी तेव्हाची शिकण्याची रीत होती. बूदँ यांनी त्या केल्याही. पण मन रमलं ते पुन्हा किनाऱ्यावरच. तीन वर्षं संपली तेव्हा दाखवण्यासारखा कुठलाही मोठा मान त्यांच्या पदरात पडलेला नव्हता. गावाने पैसे दिले आणि हाती काय आलं, असा प्रश्न लोकांना पडला असेल तर त्यात नवल नाही. गुणपत्रिकेत न दिसणारी प्रगती आपल्यालाही कुठे लगेच दिसते?

मऊ खडू आणि पळणारे ढग

बूदँ नेमकं काय करत होते? ते ऑनफ्लर आणि ल हाव्रच्या किनाऱ्यावर, टेकड्यांवर आणि कुरणांत जायचे आणि समोर दिसेल ते तिथेच बसून रंगवायचे. घरी येऊन आठवून काढणं त्यांना पसंत नव्हतं. निसर्गासमोर बसून मारलेले दोन-चार फटकारे हे चित्रशाळेतल्या दोन-दोन दिवसांच्या कामापेक्षा मोलाचे, असं त्यांचं मत होतं.

आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. पण त्या काळी बहुतेक चित्रकार बाहेर फक्त कच्चे आराखडे करायचे आणि खरं चित्र खोलीत बसून पूर्ण करायचे. बाहेर रंगवणं सोपं होऊ लागलं त्याला एक साधं कारण होतं. 1841 मध्ये रंगाची धातूची नळी निघाली. त्याआधी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या लहान पिशव्यांत भरून न्यावे लागत.

तरी तैलरंगाची एक अडचण राहतेच. तो लवकर वाळत नाही. ओल्या रंगावर दुसरा रंग चढवला की दोन्ही मिसळून गढूळ होतात. आणि नॉर्मंडीचं आकाश काही थांबून राहत नाही. समुद्रावरून ढग येतात, दहा मिनिटांत उजेड पालटतो. म्हणून आकाशाच्या अभ्यासासाठी बूदँ यांनी मऊ पेस्टल हातात घेतलं.

हे मऊ पेस्टल म्हणजे काय ते आपण शिक्षकांनी नीट समजून घेऊया, कारण मुलांच्या दप्तरात असतात ते ऑइल पेस्टल किंवा मेणखडू वेगळे. मेणखडूत मेण असतं, ऑइल पेस्टलमध्ये मेण आणि तेल. मऊ पेस्टलमध्ये मात्र रंगाची भुकटी, थोडी खडूसारखी पांढरी भुकटी आणि कांडी एकत्र राहील इतपतच डिंक असतो. हाताला तो आपल्या फळ्यावरच्या रंगीत खडूच्या जवळचा लागतो, फक्त रंग कितीतरी गडद आणि मखमली असतो.

याचे फायदे बघा. पाणी नको, ब्रश नको, वाळायची वाट बघायला नको. कांडी आडवी धरून एक हात फिरवला की ढगाचं पोट तयार. बोटाने हलकं पुसलं की धुकं. कागद थोडा खरखरीत लागतो, म्हणजे भुकटी त्याच्या खाचांत अडकून बसते. आणि कागद पांढरा नसून राखाडी किंवा निळसर असेल तर आणखी सोपं. कागदाचाच रंग आकाशाचा मधला रंग होतो, त्यावर फक्त गडद आणि उजळ जागा द्यायच्या. बूदँ असेच रंगीत कागदाचे लहान तुकडे वापरायचे, साधारण वहीच्या पानाएवढे.

तोटाही आहे. भुकटी कागदावर नुसती टेकलेली असते. हात लागला की चित्र पुसलं. म्हणून पेस्टलचं चित्र काचेमागे ठेवावं लागतं. किनाऱ्यावरच्या वाऱ्यात बसून असं काम करायचं म्हणजे काय कसरत असेल, कल्पना करा.

कडेची नोंद

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. बूदँ आपल्या या आकाशांच्या कडेला लिहून ठेवायचे. तारीख कोणती, वेळ कोणती, वारा कुठल्या दिशेचा. जणू प्रयोगवहीच! चित्राला 'सुंदर आकाश' असं नाव देण्यापेक्षा त्यांना हे महत्त्वाचं वाटायचं की हे आकाश अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक वाऱ्यात असं होतं. दुसऱ्या दिवशी ते तसं नसणार.

1859 मध्ये शार्ल बोदलेअर हे फ्रेंच कवी ऑनफ्लरला आले होते. ते कलासमीक्षकही होते. त्यांनी बूदँ यांच्याकडे ही पेस्टल चित्रं पाहिली, एक-दोन नाही, शेकडो. ते चकित झाले. कडेची नोंद हाताने झाकून ठेवली तरी चित्र बघून ऋतू, वेळ आणि वारा ओळखता येतो, अशा अर्थाचं त्यांनी पुढे आपल्या लेखात लिहिलं. त्याच वर्षी पॅरिसच्या सलाँ या सरकारमान्य प्रदर्शनात बूदँ यांचं चित्र पहिल्यांदा लागलं. ते ब्रिटनी भागातल्या एका जत्रेचं होतं. तेव्हा ते पस्तिशीला टेकले होते. कोरोसारख्या ज्येष्ठ चित्रकारानेही आकाश रंगवण्यात बूदँ हे राजा आहेत असं मानलं.

कौतुक झालं, पण पैसा? तो नाही आला. 1863 मध्ये त्यांनी ब्रिटनीच्या मारी-आन हिच्याशी लग्न केलं. पुढची कितीतरी वर्षं हातातोंडाची गाठ घालण्यातच गेली.

टवाळ चित्रं काढणारा मुलगा

आता थोडं मागे जाऊया, कारण आपल्या कामाची गोष्ट इथे आहे.

1856-58 च्या सुमारास ल हाव्रमध्ये एक पंधरा-सतरा वर्षांचा मुलगा गावातल्या लोकांची व्यंगचित्रं काढायचा. मोठ्ठं डोकं, लहानसं धड, लांब नाक. शाळेत त्याचं मन लागायचं नाही, वह्यांच्या कडा शिक्षकांच्या टवाळ चित्रांनी भरलेल्या. लोक मात्र ही चित्रं पैसे देऊन विकत घ्यायचे आणि गावातल्या एका चौकटीवाल्याच्या दुकानात ती मांडलेली असायची. हा मुलगा म्हणजे क्लोद मोने. त्याच दुकानात, त्याच्या चित्रांशेजारी बूदँ यांची समुद्राची चित्रं असायची. मोनेला ती अजिबात आवडायची नाहीत. दुकानदार सांगायचा की या माणसाला भेट, काहीतरी शिकशील. मोने टाळायचा.

एक दिवस दुकानात गाठ पडलीच. बूदँ तेव्हा तिशी ओलांडलेले, मोनेपेक्षा सोळा वर्षांनी मोठे. त्यांनी त्या मुलाची व्यंगचित्रं नावाजली. नुसती वरवर नाही, खरोखरच. यात हात आहे, डोळा आहे, हे ओळखलं. आणि मग सांगितलं की एवढ्यावरच थांबू नकोस, आता समुद्र, झाडं, आकाश यांच्याकडे बघायला शिक. माझ्याबरोबर बाहेर ये.

मोने तरी लगेच गेला का? नाही. त्याने सबबी सांगितल्या. बूदँ पुन्हा बोलवत राहिले. शेवटी 1858 च्या उन्हाळ्यात तो त्यांच्याबरोबर ल हाव्रजवळच्या रुएल गावाच्या शिवारात गेला. बूदँ यांनी सामान मांडलं आणि रंगवायला सुरुवात केली. मोने आधी जरा संशयानेच बघत होता, मग लक्ष देऊन बघू लागला आणि मग एकदम डोळ्यांवरचा पडदा सरकल्यासारखं झालं. चित्रकला म्हणजे काय असू शकतं ते त्या दिवशी कळलं, असं मोने यांनी साठीच्या घरात असताना सांगितलं. आपण चित्रकार झालो ते बूदँ यांच्यामुळे, हे ऋण त्यांनी नेहमी मान्य केलं.

शिक्षक मित्रांनो, बूदँ यांनी इथे काय केलं ते मी माझ्या वहीत उतरवून ठेवलंय. मुलाला जे येत होतं त्याचं आधी कौतुक केलं. मुलगा टाळत होता तरी राग धरला नाही. आणि शिकवताना भाषण न देता स्वतः त्याच्यासमोर काम केलं. आपण मुलांना चित्र काढायला सांगतो आणि स्वतः हजेरीपत्रक भरत बसतो. मीही तेच करत आले आहे.

श्रीमंतांचा किनारा

1860 नंतर ऑनफ्लरजवळच्या त्रूव्हील आणि दोव्हील या गावांचं रूप पालटलं. 1863 मध्ये रेल्वे आली आणि पॅरिसचे श्रीमंत लोक हवापालटासाठी किनाऱ्यावर येऊ लागले. फुगीर घेरदार झगे, छत्र्या, वाळूवर मांडलेल्या खुर्च्या. बूदँ ही दृश्यं रंगवू लागले. चित्रात माणसांची रांग खाली बारीकशी आणि वर दोन-तृतीयांश आकाश! ही चित्रं थोडीफार विकली जात.

पण मनात एक टोचणी होती. 1867 मध्ये ब्रिटनीतल्या कष्टकरी, कोरड्या भाकरीवर राबणाऱ्या माणसांत राहून परतल्यावर त्यांना किनाऱ्यावरचा तो थाट बघवेना आणि तो रंगवण्याची लाज वाटली, असं त्यांनी पत्रात लिहिलं. पुढच्या वर्षी त्यांनीच दुसरी बाजूही मांडली. मावळतीकडे फिरायला निघालेल्या या माणसांनाही चित्रात जागा मिळण्याचा हक्क आहे, तीही कामाच्या धबडग्यातून थोडी उसंत घ्यायलाच येतात. एकच माणूस दोन्ही प्रकारे विचार करतोय. मला यात त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो. धुणं धुणाऱ्या बायका, कोळणी, गायी चारायच्या नदीकाठच्या जागा हे सगळंही ते रंगवत राहिले.

शिष्य पुढे गेला तेव्हा

1874 च्या एप्रिल-मे महिन्यांत पॅरिसमध्ये तरुण चित्रकारांनी सलाँला बाजूला ठेवून स्वतःचं प्रदर्शन भरवलं. मोने, रन्वार, दगा, पिसारो अशी नावं त्यात होती. मोने यांनी मांडलेल्या ल हाव्र बंदराच्या सकाळच्या चित्रावरून एका समीक्षकाने थट्टेने या मंडळींना नाव ठेवलं आणि तेच नाव पुढे जगभर झालं. हेच ते 'इम्प्रेशनिस्ट'. या प्रदर्शनात पन्नाशीला टेकलेले बूदँही होते. तैलचित्रांबरोबर त्यांनी आपली आकाशाची पेस्टलही तिथे मांडली होती.

शिष्य पुढे निघून गेला होता. रंग जास्त धीट झाले होते, गाजावाजाही त्याचाच होता. बूदँ त्या मंडळींच्या पुढच्या प्रदर्शनांत दिसले नाहीत. ते आपल्या वाटेने, आपल्या किनाऱ्यावर काम करत राहिले. स्वतःबद्दल त्यांचा दावा फार लहान होता. बाहेर जाऊन आकाश खरं रंगवण्याकडे लोक वळले, त्यात आपला थोडासा वाटा असावा, इतकंच ते म्हणत.

त्यांचे चांगले दिवस उशिरा आले. 1881 मध्ये सलाँमध्ये पदक मिळालं. ड्युराँ-र्युएल या नामवंत चित्रविक्रेत्याने त्यांची चित्रं घ्यायला सुरुवात केली आणि 1883 मध्ये त्यांचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं. दोव्हीलला स्वतःचं घर झालं. 1889 मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं, पण त्याच वर्षी मारी-आन गेली. गरिबीच्या सगळ्या वर्षांत जी बरोबर होती, ती सुखाच्या दिवसांत नव्हती. 1892 मध्ये फ्रान्सचा 'लेजिओं द ऑनर' हा सन्मान मिळाला. उतारवयात ते व्हेनिसला जाऊन तिथलंही पाणी आणि आकाश रंगवून आले.

1898 मध्ये प्रकृती ढासळली. आता फार दिवस नाहीत हे त्यांना समजलं तेव्हा ते दक्षिणेत होते. समुद्र दिसेल अशा आपल्या दोव्हीलच्या घरी त्यांनी स्वतःला आणवलं. 8 ऑगस्ट 1898 रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. नंतर त्यांच्या भावाने त्यांची दोनशेहून अधिक कामं ल हाव्रच्या संग्रहालयाला दिली. ज्या गावाने एकेकाळी शिष्यवृत्ती दिली होती, त्या गावाला ती अशी परत मिळाली. ऑनफ्लरमध्येही आज त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे.

आपल्या वर्गात

हे वाचून झाल्यावर मी वर्गात एक साधा उपक्रम केला. खोक्याचा तपकिरी पुठ्ठा कापून लहान तुकडे केले आणि फळ्याचे रंगीत खडू दिले. सकाळी प्रार्थनेनंतर, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना, प्रत्येक वेळी दहा मिनिटं फक्त आकाश काढायचं. डोंगर नाही, घर नाही, सूर्याला डोळे-नाक नाही. आणि कडेला लिहायचं : तारीख, वेळ, वारा. वारा कळावा म्हणून काठीला कापडाची पट्टी बांधली. भुकटी नाकातोंडात जाऊ नये म्हणून तोंडाने फुंकायचं नाही, पुठ्ठा बाहेर नेऊन झटकायचा आणि हात ओल्या फडक्याला पुसायचे, एवढे नियम.

मीही मुलांबरोबर खाली बसून काढलं. माझे ढग कापसाच्या गाठोड्यासारखे आले आणि मुलं पोट धरून हसली. पण त्या दिवशी एकाही पुठ्ठ्यावर दोन त्रिकोण आणि अर्धा सूर्य नव्हता. परिसर अभ्यासातल्या दिशा आणि गणितातलं घड्याळही आपसूक झालं.

पालकहो, घरीही हे करता येईल. गच्ची, गॅलरी, अंगण, कुठूनही. मुलाने आकाश जांभळं काढलं तर लगेच दुरुस्त करू नका. आधी मान वर करून बघा.

त्या राखाडी आकाशवाल्या मुलाची वही मी पुन्हा मागून घेतली. लाल शाई काही खोडता येत नाही. मग माझ्या शेऱ्याखाली निळ्या पेनाने लिहिलं की माझं चुकलं, तुझं आकाश बरोबर आहे. त्याने ते वाचलं, थोडा वेळ विचार केला आणि चित्राच्या कडेला पेन्सिलने तारीख घातली. वेळ मात्र त्याला आठवत नव्हती, म्हणून त्याने लिहिलं : चित्रकलेचा तास.

तुमच्या वर्गातली आकाशं कशी निघाली ते जरूर कळवा.